महाविद्यालयीन ॲथलेटिक्स प्रशिक्षक (अमेरिका)

अमेरिकेतील महाविद्यालयांच्या व विद्यापीठांच्या धावणे, उडी आणि फेक या प्रकारांतील संघांना तयार करणारा पगारी प्रशिक्षक. तो विद्यापीठाचा नोकर असतो आणि त्याचे खेळाडू त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. या खेळांचे नियमन करणारी एनसीएए ही संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली आणि तिची पहिली राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा १९२१ मध्ये शिकागोत झाली. विद्यार्थ्याला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येते, हा तिचा जुना नियम. प्रशिक्षकाची सगळी कारकीर्द या नियमाभोवती फिरते. अठराव्या वर्षी हाती आलेला मुलगा बाविसाव्या वर्षी निघून जातो. लांब पल्ल्याचा धावपटू तर तेव्हा कुठे पिकायला लागलेला असतो.

या नोकरीला मोकळा काळ असा जवळजवळ नाहीच. सप्टेंबर ते नोव्हेंबर क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, जानेवारीपासून मार्चपर्यंत बंदिस्त मैदानावरचा हंगाम, मग जूनपर्यंत खुल्या मैदानावरचा. उन्हाळ्यात पुढच्या वर्षीची मुले हेरायची. हंगामात सक्तीचा सराव आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त घेता येत नाही. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याला १०, दुसऱ्याला ८ आणि पुढे ६, ५, ४ असे करत आठव्याला १ गुण मिळतो, आणि एकूण २१ प्रकारांच्या बेरजेवर संघ जिंकतो. हातोडाफेकीतले दहा गुण आणि १०० मीटरमधले दहा गुण सारखेच. त्यामुळे प्रशिक्षकाला हिशेबी व्हावेच लागते. मोठ्या विद्यापीठांना कित्येक वर्षे पुरुषांसाठी १२.६ आणि महिलांसाठी १८ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, आणि तीत क्रॉस-कंट्रीचे धावपटूही धरलेले. मग कुणाला अर्धी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकांपुरती, अशी वाटणी चाले. अमेरिकन फुटबॉलच्या प्रशिक्षकाला असल्या दशांशांची चिंता कधी पडली नाही.

या पेशात शिरण्याची आजची रूढ वाट अशी : स्वतः विद्यापीठासाठी धावायचे, पदव्युत्तर शिक्षण घेता घेता साहाय्यकाचे काम करायचे, मग वेगवान धावा, फेकी, उड्या किंवा लांब पल्ला यांपैकी एका गटाची जबाबदारी घ्यायची, आणि कुठेतरी जागा रिकामी झाली की मुख्य प्रशिक्षक व्हायचे. पूर्वी ही वाट शाळेतल्या शिक्षकाच्या नोकरीतून जाई.

या पेशातले नामांकित बिल बॉवरमन (१९११–१९९९) शाळेतूनच आले. ओरेगॉन विद्यापीठात ते अमेरिकन फुटबॉल खेळले, तिथले प्रशिक्षक बिल हेवर्ड यांच्या हाताखाली धावले, नंतर मेडफर्डच्या शाळेत शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात ते इटलीत पर्वतीय तुकडीत लढले आणि १९४८ मध्ये यूजीन येथे आपल्याच विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून परतले. हेवर्ड तिथे १९०४ पासून १९४७ पर्यंत होते, बॉवरमन १९७२ पर्यंत, आणि त्यांचा शिष्य बिल डेलिंजर १९९८ पर्यंत. मधले एखादे वर्ष सोडले तर एका विद्यापीठाचे जवळजवळ शतक तीन माणसांनी सांभाळले. पाच वर्षांच्या करारावर जगणाऱ्या आजच्या प्रशिक्षकाला हे स्वप्नवत वाटेल.

बॉवरमन यांच्या संघाने १९६२, १९६४, १९६५ आणि १९७० अशी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, त्यांतले शेवटचे इतर संघांबरोबर वाटून. त्यांच्या १६ धावपटूंनी चार मिनिटांच्या आत मैल पार केला. पण त्यांचे खरे काम या आकड्यांत दिसत नाही. त्या काळी जो जास्त पळेल तो जिंकेल, असा समज होता. बॉवरमन यांनी एक दिवस कठीण, पुढचा एक किंवा दोन दिवस हलके, अशी पद्धत बसवली आणि प्रत्येकाचा सराव वेगळा आखला. एकाला एक हलका दिवस पुरे, दुसऱ्याला दोन लागतात, हे ते निरीक्षणातून ठरवत.

केनी मूर हा त्यांचा विद्यार्थी. हलक्या दिवशीही तो चोरून मैलच्या मैल पळे आणि मग आजारी पडे. १९६४ च्या वसंतात बॉवरमन यांनी त्याचा गळाच धरला आणि बजावले, की तीन आठवडे माझ्या नजरेसमोर सांगेन तेवढेच पळायचे. बाहेर एक पाऊल टाकलेस तर ओरेगॉनसाठी पुन्हा धावणार नाहीस. मूर चडफडत थांबला. तीन आठवड्यांनी दोन मैलांच्या शर्यतीत त्याने आपल्या वेळेत जवळजवळ अर्ध्या मिनिटाची सुधारणा केली आणि पूर्वीचा राष्ट्रीय क्रॉस-कंट्री विजेता डेल स्टोरी याला मागे टाकले. पुढे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये चौथा आला. हा प्रसंग त्यानेच लिहून ठेवला आहे. आज एखाद्या प्रशिक्षकाने विद्यार्थ्याच्या गळ्याला हात लावला तर नोकरी जाईल, आणि ते योग्यच आहे. पण थांबवणे हे शिकवण्याइतकेच अवघड असते, हे त्या झटापटीतून कळते.

माणसे हेरण्याची त्यांची तऱ्हाही निराळी. ओटिस डेव्हिस विद्यापीठात आला तो बास्केटबॉल खेळायला. वयाच्या पंचविशीनंतर त्याने धावायला घेतले आणि १९६० मध्ये रोमला ४४.९ सेकंदांच्या विश्वविक्रमासह ४०० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. स्टीव्ह प्रीफॉन्टेनला मात्र देशभरातून बोलावणी येत होती. कूस बे या गावचा हा मुलगा अखेर यूजीनला आला आणि १९७० ते १९७३ अशी सलग चार वर्षे तीन मैल व ५,००० मीटरचा राष्ट्रीय विजेता ठरला.

बॉवरमन स्वतःच्या हाताने धावपटूंसाठी हलके जोडे शिवत. १९६४ मध्ये आपला जुना विद्यार्थी फिल नाइट याच्याबरोबर प्रत्येकी ५०० डॉलर घालून त्यांनी एक कंपनी काढली. तीच पुढे नायकी झाली. १९६२ च्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये तिथले नामांकित प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या मंडळींबरोबर पळताना त्यांना धाप लागली आणि सत्तरी ओलांडलेला एक गृहस्थ पुढे निघून गेला. परतल्यावर त्यांनी यूजीनच्या सामान्य नागरिकांना मैदानावर बोलावून संथ पळण्याचे वर्ग घेतले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकला ते अमेरिकन ॲथलेटिक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. तिथे इस्रायली संघावर हल्ला करणाऱ्या अतिरेक्यांच्या तावडीतून निसटलेला, चालण्याच्या शर्यतीतला इस्रायली खेळाडू शाउल लादानी पहाटे त्यांच्याच दारी आला, आणि बॉवरमन यांनी अमेरिकन वकिलातीला फोन करून आपल्या ज्यू खेळाडूंसाठी मरीन सैनिकांचा पहारा मागवला.

ओरेगॉनला मैदान होते, प्रेक्षक होते, पैसा होता. नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात एड टेंपल यांच्याकडे यांतले फारसे काही नव्हते. ते समाजशास्त्र शिकवत आणि मुलींना पळवत. १९५० च्या दशकात दक्षिणेतून स्पर्धेला जाताना वाटेत कृष्णवर्णीय मुलींना हॉटेलात जेवण किंवा स्वच्छतागृह मिळेल याची शाश्वती नसे, म्हणून डबे बरोबर घेऊन गाड्या हाकाव्या लागत. त्याच मुलींतल्या विल्मा रुडॉल्फने १९६० मध्ये रोमला तीन सुवर्णपदके जिंकली, आणि ४ × १०० रिलेमधल्या चौघीही टेनेसी स्टेटच्याच होत्या. वायोमिया टायसने १९६४ व १९६८ अशी लागोपाठ दोनदा १०० मीटरची शर्यत मारली. टेंपल यांनी चाळीस ऑलिंपिकपटू घडवल्या, त्याही अशा काळात की एनसीएएने महिलांसाठी राष्ट्रीय ॲथलेटिक्स स्पर्धा भरवायला १९८० चे दशक उजाडले. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने विद्यापीठांना मुलींच्या खेळावर खर्च करणे भाग पडले, तोवर टेंपल यांचे निम्मे काम होऊन गेले होते.

निव्वळ विजेतेपदे मोजायची तर आर्कान्सॉचे जॉन मॅकडॉनेल पुढे आहेत : तिन्ही हंगाम मिळून चाळीस. ते मूळचे आयर्लंडचे, आणि परदेशी धावपटू आणण्याची प्रथा त्यांच्या आधीपासूनची. वॉशिंग्टन स्टेटमध्ये शिकणाऱ्या केनियाच्या हेन्री रोनोने १९७८ मध्ये ८१ दिवसांत चार विश्वविक्रम केले. भारतातूनही तेजस्विन शंकर याच वाटेने कॅन्सस स्टेटला गेला आणि २०१८ व २०२२ मध्ये उंच उडीचा महाविद्यालयीन विजेता ठरला.

आपल्याकडे या पदाला नेमका जोड नाही. महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालक असतात, पण कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात, शिवाय प्रवेश अर्ज आणि गॅदरिंगची शिस्त. चांगला धावपटू घडतो तो बहुधा सैन्यात, पोलिसांत किंवा रेल्वेत. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि सैन्यातल्या अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे व पाणी ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, वळवले. जुलै २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी तो धावला ती यूजीनच्या हेवर्ड फील्डवर, आणि अकरावा आला.

प्रशिक्षकाच्या हाती मुलांच्या शरीराची केवढी सत्ता असते, याची चर्चा अलीकडे उघडपणे होऊ लागली आहे. २०२१ मध्ये ओरेगॉनच्याच काही माजी महिला धावपटूंनी, शरीरातील चरबी वारंवार मोजण्याच्या पद्धतीमुळे आपल्या खाण्यावर व मनावर वाईट परिणाम झाल्याची तक्रार केली. विद्यापीठ बदलणेही आता सोपे झाले आहे, त्यामुळे चार वर्षांचा हिशेबही पक्का राहिलेला नाही. खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या खटल्यातील २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा गेली आणि संघातल्या डोक्यांवर आली : ॲथलेटिक्ससाठी ४५, क्रॉस-कंट्रीसाठी १७. आता त्या यादीतल्या कितीही जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. पण एक पैसा न घेता, फक्त सरावाला येऊ द्या म्हणून दार ठोठावणाऱ्या मुलाला घ्यायचे, तर आधी यादीतले एक नाव खोडावे लागते.