मांजर लेआउटवर का चढतं

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मनी, म्हणजे आमची मांजर, माझ्याकडे पाठ करून खुर्चीत झोपली होती आणि मी माझ्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर, यार्डात शंटिंगचं, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवणारं, छोटं डिझेल इंजिन चालू करत होतो. कंट्रोलरवर वेगाची पहिली स्टेप दिली, इंजिन अजून जागचं हललं पण नव्हतं, मला तर काहीच ऐकू आलं नाही, आणि मनीचा डावा कान मागे वळला. डोकं तसंच, डोळे मिटलेले, फक्त कान. स्टेप काढली, कान जागेवर. परत दिली, परत वळला. सात-आठ वेळा करून बघितलं, एकदाही चुकला नाही. तोवर मी दोन वर्षं तिला लेआउटवरून उचलून खाली ठेवत होतो आणि "नाही म्हटलं ना" करत होतो, पण ती तिथे येते कशासाठी याचा विचार मी खरंच केला नव्हता.

मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. इथे मॉडेल रेल्वे हा जुना, मानाचा छंद आहे, मॉडेल गाड्या बनवणाऱ्या मेर्कलिन कंपनीचं गाव ग्योपिंगेन इथून ट्रेनने तासाभराच्या आत येतं आणि ती कंपनी 1859 पासूनची आहे. पण माझं वेड पुण्याचं, कोथरूडमधल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममधलं. ते 1998 मध्ये सुरू झालं, तिथल्या गाड्या एचओ स्केलच्या, म्हणजे खऱ्याच्या 1/87, आणि दोन रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. माझा लेआउट पण एचओच.

या स्केलमध्ये मांजर म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी बघू. साडेचार किलोचं साधं घरातलं मांजर, खांद्यापर्यंत उंची 25 सेंटिमीटर धरा. गुणिले 87 केलं की उंची होते पावणेबावीस मीटर, म्हणजे सात मजली बिल्डिंग. वजनाला 87 ने तीनदा गुणायचं, कारण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही वाढतात, ते होतं साधारण 2,960 टन. आपल्याकडे 58 वॅगनची कोळशाने भरलेली मालगाडी साडेचार हजार टनांच्या वर जाते, तिच्या निम्म्याहून जास्त वजन एका उडीत स्टेशनच्या छपरावर येतं. आणि टेबल उंच करून काही होत नाही. माझं 1 मीटर 20 सेंटिमीटरवर आहे, निरोगी मांजराला ते सहज जमतं.

आता कानाकडे परत येऊ, कारण मला स्वतःला त्यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. माणसाला ढोबळमानाने 20 ते 20,000 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, ऐकू येतं, तेही तरुणपणी, चाळिशी उलटली की वरचे आवाज बऱ्याच जणांचे गेलेले असतात. मांजराच्या ऐकण्याचा पट्टा अमेरिकेत हेफनर दांपत्याने 1985 मध्ये मोजला, तो साधारण 48 ते 85,000 हर्ट्झ निघाला. एवढं वरचं ऐकायची गरज का, तर उंदीर आणि त्यांची पिल्लं एकमेकांशी ज्या आवाजात बोलतात तो बराचसा आपल्या कानाच्या वरचा असतो. मांजराला तो ऐकू येतो आणि कुठून येतोय तेही कान वळवून कळतं.

डिजिटल इंजिनात काय होतं बघा. त्यातला डीकोडर, म्हणजे कंट्रोलरचे हुकूम वाचून मोटर चालवणारं छोटं सर्किट, मोटरला कमी व्होल्टेज देत नाही, पूर्ण व्होल्टेजच देतो पण सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून. चालूचा वेळ वाढवला की गाडी जोरात, कमी केला की हळू. या चालू-बंदमुळे मोटरची कॉइल थरथरते आणि तेवढ्याच हर्ट्झचा बारीक आवाज निघतो. जुन्या डीकोडरांत ही चालू-बंद सेकंदाला शे-दोनशे वेळा व्हायची म्हणून इंजिन घरघरायचं. मग ती 16,000, 20,000 आणि त्याच्याही वर नेली, आपल्या कानाच्या बाहेर, आणि जाहिरातीत लिहिलं 'सायलेंट ड्राइव्ह'. आपल्यासाठी ते बरोबरच आहे. पण मांजराच्या कानाच्या बाहेर जायला ती 85,000 च्या वर न्यावी लागेल. चाक फिरायच्या आधी मोटरला बारीक बारीक ठोके मिळायला लागतात, मनीचा कान तेव्हाच वळतो.

आवाजाने लक्ष वेधलं की मग डोळे. मांजराला आजूबाजूचं साधारण 200 अंश दिसतं, आपल्याला 180, आणि तिची नजर तपशिलाला कमजोर पण हालचालीला फार तेज असते. 25 सेंटिमीटरच्या आतलं तर तिला नीट फोकसच होत नाही, म्हणून जवळची वस्तू ती पंजाने आणि मिशांनी चाचपते. प्लॅटफॉर्मवरची माणसं रोज सकाळी आडवी पडलेली का दिसायची याचं उत्तर मला इथे मिळालं, ती पाडत नव्हती, बघत होती.

आणि इंजिनाचं माप पाहा. माझं शंटिंगचं इंजिन 12 सेंटिमीटर लांब आहे. खरी गाडी ताशी 40 किलोमीटरने जाते तेव्हा एचओमध्ये वेग होतो सेकंदाला जेमतेम 13 सेंटिमीटर. म्हणजे ओंजळीत मावेल एवढी वस्तू, बारीक चिरचिर आवाज करणारी, भिंतीच्या कडेकडेने जाणारी, मधेच थांबणारी, परत निघणारी आणि शेवटी एका काळ्या भोकात शिरून दिसेनाशी होणारी. उंदराचं वर्णन यापेक्षा वेगळं कसं करणार? बोगद्याच्या तोंडाशी मनी दबा धरून बसायची ती म्हणूनच, बिळाशी बसतात तशी.

इथे ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टनच्या सारा हॉल आणि जॉन ब्रॅडशॉ यांचं काम मला फार उपयोगी पडलं. त्यांनी पूर्ण वाढ झालेल्या मांजरांचं खेळणं तपासलं, 1998 मध्ये एक पेपर, 2002 मध्ये दुसरा. एक गोष्ट अशी निघाली की भुकेलं मांजर खेळण्यावर जास्त जोमाने तुटून पडतं, आणि एरवी ज्या मोठ्या खेळण्याला बिचकलं असतं त्यालाही भूक असताना कमी घाबरतं. दुसरी गोष्ट, तेच तेच खेळणं पुन्हा पुन्हा दिलं की मांजर पटकन कंटाळतं, पण थोड्याच वेळात खेळणं बदललं की परत उसळून येतं, कधी कधी पहिल्यापेक्षाही जास्त. लेआउटवाल्यांसाठी याचा अर्थ सरळ आहे: गाड्या चालवायच्या आधी मांजराला जेवू घालायचं, आणि धोका रोजच्या गाडीचा नसून नव्या गाडीचा असतो.

बाकी चढण्याची कारणं शिकारीशी संबंधित नाहीतच, ती उबेची आहेत. माणसाला 20-22 अंशांत बरं वाटतं, पण मांजराचं शरीर जास्तीची ऊर्जा न खर्चता आरामात राहतं ते 30 ते 38 अंशांच्या पट्ट्यात. इथल्या हिवाळ्यात खोली 20 अंशांवर, म्हणजे तिच्या दृष्टीने थंडच. आणि आपण डोंगर कशाचे करतो, तर एक्सपीएस फोमचे, तेच जे घराच्या भिंतींना इन्सुलेशन म्हणून लावतात. फोम अंगाची उष्णता शोषून घेत नाही म्हणून बसलं की लगेच गरम लागतो. त्यात जवळपास ट्रान्सफॉर्मरची ऊब, आणि वरून सगळी खोली दिसते. एवढी चांगली जागा घरात दुसरी नव्हती, ती मीच तयार केली होती.

मग उपाय काय. इथे मला एका गोष्टीबद्दल कळकळीने सांगायचंय कारण ती लोक सर्रास एकमेकांना सुचवतात: लेआउटच्या कडेला डांबरगोळ्या ठेवा, निलगिरीचं तेल लावा, टी ट्री ऑइल शिंपडा, संत्र्याच्या सालीचा अर्क मारा, टेबलाचे पाय फिनाईलने पुसा. कृपा करून यातलं काहीही करू नका. आपलं लिव्हर फिनॉलसारख्या बऱ्याच पदार्थांना ग्लुकुरोनिक अ‍ॅसिडचा रेणू चिकटवतं, त्याने ते पाण्यात विरघळण्याजोगे होतात आणि लघवीवाटे निघून जातात. हे चिकटवण्याचं काम करणारं एक महत्त्वाचं एन्झाइम ज्या जीनवर अवलंबून आहे तो यूजीटी1ए6 नावाचा जीन मांजरांमध्ये मोडलेला आहे, वाघ-सिंहांमध्येही तसाच. म्हणून आपल्याला निवांत पचणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आणि मांजर दिवसभर अंग चाटतं, म्हणजे पायाला, केसांना जे लागलं ते पोटात जाणारच. वासाने ती दूर राहीलही, पण अंगाला लागलेलं विष शरीराबाहेर टाकण्याचा तिचा रस्ता अर्धा बंद आहे.

दुसरा मोठा धोका धाग्याचा. विजेच्या किंवा तारयंत्राच्या तारा दाखवायला आपण लवचिक धागा लावतो, खाली बारीक कॉपर वायर लोंबत असते. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात, त्यामुळे धागा एकदा आत गेला की थुंकणं अवघड, आतच ओढला जातो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलं आणि बाकीचा पुढे सरकला की आतडं त्याच्यावर गोळा होतं, नाडी ओढल्यावर पायजम्याचा नेफा गोळा होतो ना तसं, आणि मग धागा आतडं कापतो. तोंडातून किंवा मागून धागा दिसला तर स्वतः कधीही ओढू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. माझ्या लेआउटवरचे सगळे लवचिक धागे मी त्याच आठवड्यात काढले. खांब नुसतेच उभे आहेत, मला चालतं.

करंटची भीती लोकांना वाटते पण ती चुकीच्या जागी वाटते. रुळांत 15 व्होल्टच्या आसपास असतात, कोरड्या पंजाला त्याने काही होत नाही. भीती टेबलाखाली आहे, 230 व्होल्टच्या वायरी आणि त्या चावणारं पिल्लू. त्या सगळ्या कडक प्लास्टिकच्या पट्टीत घाला आणि खोलीतून निघताना मेन स्विच बंद करा.

केसांचं म्हणाल तर ते मांजर लेआउटवर आलं नाही तरी येतातच. आतले मऊ केस ॲक्सलभोवती गुंडाळतात, गिअरच्या तेलात अडकतात, मोटर जड होते, जास्त करंट ओढते आणि शेवटी डीकोडर तापतो. महिन्यातून एकदा चिमट्याने चाकं साफ करायची, आणि व्हॅक्यूमच्या तोंडाला जुना पातळ पायमोजा बांधून फिरवायचा म्हणजे पडलेले बारीक पार्ट आत जात नाहीत.

मुख्य उपाय माझ्याकडे दोनच. पहिला, सगळ्यात उत्तम म्हणजे दार. जाळीचं दार बसवलं तर तिला आत दिसतं, दिसलं की ती कमी ओरडते. दार शक्य नसेल तर हलकी फ्रेम करून पॉलिकार्बोनेटचं झाकण, गाड्या उभ्या असताना कायम लेआउटवर ठेवायचं. नुसती कडेला ॲक्रिलिकची पट्टी लावली तर मांजर उडी मारून जाईल, पण पट्टी उंच असेल आणि वरची धार तीन-चार मिलिमीटरचीच असेल तर पाय ठेवायला जागा नाही म्हणून बरीच मांजरं उडीच घेत नाहीत. बोगद्यांना आतून जाळी लावायचीच, कारण मांजराचं गळपट्टीचं हाड सांध्याने जखडलेलं नसतं, जिथून डोकं गेलं तिथून सहसा अंग जातं, आणि डबल लाइनचं बोगद्याचं तोंड 11-12 सेंटिमीटर रुंद असतं.

दुसरा, ती जे शोधत होती ते दुसरीकडे देणं. खिडकीशी, लेआउटपेक्षा हातभर उंच फळी लावली, त्यावर जाड लोकर. रेडिएटरला अडकवायची छोटी झोळी इथे दुकानात मिळते, ती घेतली. एक पुठ्ठ्याचं खोकं ठेवलं, साधंच; नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाने 2014 मध्ये दाखवलं होतं की शेल्टरमध्ये नव्या आलेल्या मांजरांना लपायला खोकं दिलं की त्यांचा ताण लवकर उतरतो. आणि गाड्या चालवायच्या आधी दहा मिनिटं काठीला बांधलेल्या पिसाशी खेळ, शेवटी ते तिला पकडू द्यायचं, मग जेवण. पीस कपाटात बंद, धागा आहे म्हणून. ओरडणं, पाणी मारणं बंद केलं, त्याने ती फक्त माझ्यासमोर चढायची थांबली होती.

जपानमध्ये ओसाकाला रेल्वे डायोरामाचं, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्याचं, एक रेस्टॉरंट आहे, त्यांनी कोविडच्या काळात भटक्या मांजरांना आसरा दिला आणि त्यांना सरळ डायोरामावर फिरू दिलं, लोक ते बघायला येतात. तेही एक उत्तर आहे, आणि मला ती माणसं आवडतात. मला मात्र गाड्या वेळापत्रकाने चालवायच्या असतात.

एप्रिलमध्ये नवीन रेलबस, म्हणजे बससारखी छोटी गाडी, आली. आधी बेडरूमच्या जमिनीवर रुळांचा एक गोल मांडला, मनीचं जेवण झाल्यावर, आणि रेलबस त्यावर फिरवली, रोज पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी तिने दोनदा पाडली, दुसऱ्या दिवशी एकदा, चौथ्या दिवशी नुसती बसून बघत होती. पाचव्या दिवशी रेलबस लेआउटवर चढवली. मनी फळीवरून उठली नाही, पण पहिल्या स्टेपला कान वळला.