जागतिक विक्रम वेगळा, ऑलिम्पिक विक्रम वेगळा

सोलापुरात पार्क स्टेडियमवर सराव करणाऱ्या कुठल्याही पोराला उसेन बोल्टचा विक्रम विचारा, ९.५८ हा आकडा तोंडपाठ असतो. मात्र तो कुठल्या ऑलिम्पिकमधला, असं विचारलं की कुणी बीजिंग सांगतो, कुणी लंडन. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारेही इथंच अडकतात. ९.५८ सेकंद ही वेळ ऑलिम्पिकमधली नाहीच. ती १६ ऑगस्ट २००९ ला बर्लिनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नोंदली गेली. तो जागतिक विक्रम. १०० मीटरचा ऑलिम्पिक विक्रमही बोल्टचाच आहे, पण तो ९.६३ सेकंदांचा, लंडन २०१२ मधला.

जागतिक विक्रम कुठल्याही मान्यताप्राप्त स्पर्धेत होऊ शकतो. ऑलिम्पिक विक्रम मात्र फक्त ऑलिम्पिकमध्येच, मग ती अंतिम शर्यत असो की प्राथमिक फेरी. पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर दोन्हीकडे वेळ बाद.

बोल्टची बीजिंगची शर्यत बघा, म्हणजे फरक लगेच कळेल. २००८ मध्ये बुटाची नाडी सुटलेली असताना, शेवटच्या काही मीटरमध्ये हात पसरून छाती ठोकत तो ९.६९ मध्ये धावला. त्या क्षणी ही एकच वेळ जागतिक विक्रमही होती आणि ऑलिम्पिक विक्रमही. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये त्यातला जागतिक विक्रम गेला. ऑलिम्पिक विक्रम लंडनपर्यंत टिकला. २०० मीटरमध्येही तेच: १९.१९ बर्लिनचा, तर बीजिंगचे १९.३० आजही ऑलिम्पिक विक्रम म्हणून उभे आहेत. ते १९.३० समोरून वारा असताना आले होते. माझ्या मते बोल्टची ती सगळ्यात मोठी धाव.

अमेरिकेची धावपटू फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनरच्या बाबतीत गोंधळ अजून वाढतो, कारण महिलांच्या १०० मीटरमधल्या १९८८ च्या तिच्या १०.४९ सेकंदांना ऑलिम्पिक हे नाव चिकटलेलं आहे. ती शर्यत इंडियानापोलिसला अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीत झाली होती. निवड चाचणी म्हणजे ऑलिम्पिक नव्हे. त्याच वर्षीच्या सोल ऑलिम्पिकमध्ये अंतिम फेरीत ती १०.५४ मध्ये धावली, पण वारा मर्यादेपेक्षा जास्त होता. त्यामुळे सुवर्णपदक मिळालं, ऑलिम्पिक विक्रम मात्र तिच्या आधीच्या फेरीतल्या १०.६२ चाच धरला गेला. तो टोकियोत २०२१ मध्ये इलेन थॉम्पसन-हेराने १०.६१ ने मोडला. १०.४९ हा जागतिक विक्रम अजून तसाच आहे.

दोन्ही विक्रम एकाच आकड्यावर असण्याचीही उदाहरणं आहेत. सोलमध्ये ग्रिफिथ जॉयनरने २०० मीटरला दिलेली २१.३४ ही वेळ आणि लंडनमधली जमैकाच्या पुरुषांची ४ बाय १०० रिलेची ३६.८४ ही वेळ दोन्ही याद्यांत आहे. म्हणून वेळ पाठ करताना तिच्याशेजारी गाव, वर्ष आणि स्पर्धेचं नावही लिहून ठेवा.