बेनेडिक्टाइन की कार्थुझियन?

लांब झगा, डोक्यावर टोपडं, रात्रीची घंटा आणि मौन. एवढं दिसलं की आपण सरसकट ‘बेनेडिक्टाइन मठ’ म्हणून मोकळे होतो. पण त्यातला जो पांढऱ्या झग्यातला संन्यासी आपल्या खोलीत एकटाच जेवताना दिसतो, तो बहुधा कार्थुझियन असतो. हे दोन्ही कॅथलिक ख्रिस्ती संन्याशांचे पंथ. प्रार्थना आणि काम दोघांच्याही दिवसात आहे, पण दिवसाची घडण अगदी निराळी.

संत बेनेडिक्ट सहाव्या शतकातले, इटलीतल्या माँते कास्सिनोचे. त्यांची ७३ प्रकरणांची नियमावली म्हणजे एका मोठ्या एकत्र कुटुंबाची व्यवस्था. दिवसात सात वेळा आणि रात्री एकदा प्रार्थना, आठवड्यात बायबलमधली दीडशेच्या दीडशे स्तोत्रं पूर्ण. (आज बरेच मठ ती दोन आठवड्यांत वाटून घेतात.) घंटा झाली की हातातलं काम अर्धवट टाकून सगळ्यांनी एकत्र जमायचं. नियम कडक, पण लिहिणाऱ्याला माणसं चांगली ठाऊक होती. हिवाळ्यात मध्यरात्रीनंतर थोडं जास्त झोपू द्यावं, म्हणजे उठेपर्यंत अन्न पचलेलं असेल. झोपाळू लोक सबबी सांगतात, म्हणून उठताना एकमेकांना हळूच हाक द्यावी. पहाटेच्या प्रार्थनेतलं सुरुवातीचं स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावं, म्हणजे उशिरा येणाऱ्याला गाठता येईल.

‘प्रार्थना करा आणि काम करा’ हे ब्रीद बेनेडिक्टांच्या नावावर सर्रास खपतं, पण नियमावलीत ते वाक्य कुठेच नाही. शिवाय त्यात वाचन सुटतं. शेत, स्वयंपाकघर, कारागिरी यांच्या जोडीला रोज वाचनाचे तास ठरलेले असतात. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एकेक पुस्तक मिळे, आणि कुणी वाचायचं सोडून गप्पा तर छाटत नाही ना, हे बघायला एक-दोन ज्येष्ठ मठात फेरी मारत.

कार्थुझियनांची सुरुवात १०८४ सालची. संत ब्रुनो सहा सोबत्यांसह फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळच्या शार्त्रूझच्या डोंगरात जाऊन राहिले. या पंथाचे नियमही स्वतःचे. इथे प्रत्येक संन्याशाला छोटं घर, मागे बाग, खाली लाकूडफाटा आणि सुतारकामाची जागा. जेवण भिंतीतल्या झडपेतून येतं. घंटा इथेही होते, पण दिवसातल्या बहुतेक वेळा कुणी बाहेर पडत नाही. जो तो आपापल्या खोलीत, त्याच क्षणी, तीच प्रार्थना म्हणतो. चर्चमध्ये एकत्र येणं साधारण तीनदाच: मध्यरात्रीची दीर्घ प्रार्थना, मिस्सा (भाकर-द्राक्षारसाची मुख्य उपासना) आणि सायंप्रार्थना.

खरी कसोटी रात्रीची. कार्थुझियन आठच्या सुमाराला झोपतो, साडेअकराच्या आसपास उठतो, दोन-तीन तास प्रार्थनेत घालवतो आणि पुन्हा झोपतो. म्हणजे रोजची झोप दोन तुकड्यांत, आयुष्यभर. बेनेडिक्टाइन एकदाच झोपतो आणि भल्या पहाटे उठतो. मला तरी यातलं दुसरंच झेपेल असं वाटतं.

कार्थुझियन कधीच बोलत नाहीत, हाही एक गैरसमज. आठवड्यातून एकदा ते डोंगरात लांब फिरायला जातात आणि वाटेत भरपूर बोलतात. रविवारी जेवण एकत्र असतं, पण मुकाट्याने.

दारूच्या बाटल्यांनी गोंधळात भरच घातली आहे. ‘बेनेडिक्टीन’ हे मद्य संन्यासी बनवत नाहीत. १८६३ मध्ये अलेक्सांद्र लग्रां या व्यापाऱ्याने ते बाजारात आणलं. ‘शार्त्रूझ’ मात्र खरोखरच कार्थुझियनांचं. मागणी वाढली तरी उत्पादन वाढवायचं नाही, त्याने एकांतात बाधा येते, असं त्यांनी ठरवल्याचं २०२३ मध्ये जगजाहीर झालं.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर बेनेडिक्टाइनांकडेच जावं. पाहुण्याचं स्वागत साक्षात ख्रिस्त आल्यासारखं करा, असं त्यांची नियमावलीच सांगते. तमिळनाडूत कुळितलैजवळ कावेरीकाठी १९५० मध्ये सुरू झालेला शांतिवनम् आश्रम आज बेनेडिक्टाइनांच्या कामाल्दोली शाखेचा आहे. तिथे राहून प्रार्थनांना बसता येतं. शार्त्रूझला पर्यटकांसाठी वेगळं संग्रहालय आहे. मठाचं दार बंदच असतं.