ऑटोपायलट लावला की बोट समोरचं बघून स्वतः वळते?

कोल्हापुरातनं मालवणला फिरून आलेल्या ग्रुपवर हे हमखास फिरतं, की ऑटोपायलट लावला की बोटीवर माणूस लागत नाही, समोर काय आलं तर ती आपणच वळते.

तसं नाही ओ. साधा ऑटोपायलट फक्त दिशा धरतो, म्हणजे ९० अंश लावले आणि बोट सरकली तर होकायंत्रावरनं त्याला कळतं आणि तो सुकाणू थोडं फिरवून परत आणतो, बास. समोरची होडी, जाळं, खडक त्याला दिसतच नाही.

आणि प्रवाहाचं बघा, पंचगंगेला पाणी असताना समोरच्या काठाकडं तोंड करून पोहणारा खालच्या अंगाला जाऊन लागतो की नाही, तसंच बोटीचं, तोंड बरोबर पण बोट बाजूला. जीपीएस जोडलं तर हे वाहणं सावरतं, पण जीपीएसवर लावलेल्या जायच्या दोन पॉइंटच्या मधी खडक असला तर सरळ त्याच्यावरच नेईल.

तपासायचंय? मोकळ्या पाण्यात जाणत्या माणसाला घेऊन दिशा लावा, होकायंत्राचा आकडा (बोटीचं तोंड) आणि जीपीएसवरची दिशा (बोट खरी जाते ती) शेजारी ठेवून बघा, आडव्या प्रवाहात दोन्ही वेगळे दिसतील. म्हणूनच तर १९७२ च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत पाचवा नियमच आहे, डोळे-कान उघडे ठेवून सतत पहारा, आणि ऑटोपायलटला त्यात सूट नाही.