शालेय राज्य स्पर्धा वेगळी, राज्य अजिंक्यपद वेगळं

खो-खोचा मोसम आला की आपल्या सोलापुरात सात रस्ता, आसरा चौकात डिजिटल फलक झळकायला लागतात: 'राज्य अजिंक्यपद पटकावल्याबद्दल प्रशालेच्या मुलींच्या संघाचे हार्दिक अभिनंदन!' खाली मुलींचे फोटो, त्यांच्या दुप्पट आकाराचे संस्थाचालकांचे. अहो, प्रशालेचा संघ राज्य अजिंक्यपदाला उतरतच नाही!

शालेय स्पर्धा सगळ्यांना तोंडपाठ आहे. क्रीडा खातं भरवतं. १४, १७, १९ वर्षांखालचे गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आपला विभाग पुणे. महापालिका आणि ग्रामीण असे दोन वेगळे जिल्हे धरतात, म्हणून 'जिल्ह्यात पहिल्या' शाळा दोन निघतात. त्यावरून भांडण नको.

अजिंक्यपद स्पर्धा खो-खो संघटनेची. गट किशोर-किशोरी, कुमार-कुमारी असे. पण वयावरून कुणी फसत नाही. फसतात ते संघावरून. इथं शाळेला जागाच नाही, खेळतो तो जिल्हा. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते. त्यातून वेळापूरची एखादी, बार्शीची दुसरी, शहरातल्या दोघी-तिघी असा संघ जमतो. शालेय अंतिम सामन्यात जिनं सूर मारून बाद केलं, तिच्याच शेजारी पाटीवर बसायचं, आणि दोघींच्या जर्सीवर नाव एकच, सोलापूर. समोर पुणे, सांगली, धाराशिव. एकाच प्रशालेच्या पाच जणी निवडल्या गेल्या तरी जिंकतो तो जिल्हाच. 'विजेत्या सोलापूर संघात आमच्या पाच खेळाडू' असं लिहा की! त्यात कमीपणा कसला?

शालेय स्पर्धेतही शाळेचा संघ राज्यापर्यंतच एकत्र राहतो. तिथंही तो पुणे विभाग म्हणून उतरतो, पण खेळाडू त्याच शाळेच्या, म्हणून विजेतेपद शाळेनं खुशाल मिरवावं. पुढं राष्ट्रीयला निवड होऊन महाराष्ट्राचा संघ जातो. त्यामुळे 'राष्ट्रीय विजेती प्रशाला' हे तर साफ चूक.

जानकी पुरस्काराचंही तसंच. तो मिळतो संघटनेच्या राष्ट्रीय अजिंक्यपदात, कुमारी गटातल्या सर्वोत्तम खेळाडूला. त्या पोरीचा तो स्वतःचा मान. डिजिटलवर तिचा फोटो मधोमध आणि सगळ्यांत मोठा हवा.

आणि गावच्या निमंत्रित स्पर्धेची ढाल आणून 'राज्यस्तरीय विजेते' छापणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.