हजेरीपट ते माहितीचा अधिकार: सरकारकडे हिशेब मागण्याच्या हक्काची पार्श्वभूमी

माहितीच्या अधिकाराबद्दल शहरी मध्यमवर्गात एक समज पक्का बसलेला आहे, तो असा की हा कायदा काही सजग कार्यकर्त्यांनी आणि पत्रकारांनी दिल्लीत बसून मिळवला आणि त्याचा मुख्य उपयोग मोठे घोटाळे उघड करण्यासाठी असतो. या कायद्याचा इतिहास पाहिला की वेगळेच चित्र दिसते. त्याच्या मुळाशी रोजंदारीवर राबणाऱ्या माणसांचे बुडालेले पैसे आणि ते बुडाल्याचा एकमेव पुरावा असलेला हजेरीपट आहे. आज या अधिकाराचा संकोच कसा होतो आहे, हे समजून घ्यायचे असेल तर सुरुवात त्या हजेरीपटापासूनच करावी लागते. मात्र त्याआधी, तो हजेरीपट मजुराला दाखवायचा नाही ही रीत कुठून आली, हे सांगायला हवे.

सरकारी कागद म्हणजे गुपित, ही धारणा ब्रिटिश राजवटीने कायद्यात बसवली. १८८९चा गोपनीयतेचा कायदा मुख्यतः लष्करी आणि नाविक माहितीपुरता होता. लॉर्ड कर्झनच्या काळात त्याची व्याप्ती मुलकी कारभारापर्यंत वाढवणारे दुरुस्ती विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आले, तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याला कडाडून विरोध केला. लोकांना जाब देण्याची कोणतीही यंत्रणा नसलेल्या सरकारवर वृत्तपत्रांची टीका हाच काय तो अंकुश उरतो आणि तोही या विधेयकाने बोथट होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विधेयक १९०४मध्ये संमत झालेच. पुढे १९२३मध्ये शासकीय गुपिते अधिनियम आला आणि स्वातंत्र्यानंतर सत्ता भारतीयांच्या हाती आली तरी तो रद्द झाला नाही. आजही तो लागू आहे. परक्या राज्यकर्त्यांनी प्रजेपासून कारभार लपवण्यासाठी केलेला कायदा लोकांनी निवडलेल्या सरकारांना इतकी वर्षे सोयीचा वाटत आला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

न्यायालयाच्या पातळीवर या धारणेला पहिला ठळक छेद १९७५मध्ये गेला. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध राजनारायण या खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षेविषयीची सूचनापुस्तिका न्यायालयापुढे आणायची की नाही, हा प्रश्न होता. सार्वजनिक अधिकारी सार्वजनिक नात्याने जे काही करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, असे न्या. के. के. मॅथ्यू यांनी आपल्या निकालपत्रात नोंदवले. १९८१च्या एस. पी. गुप्ता खटल्यातही सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी जोडला. तत्त्व म्हणून हे सारे मोलाचे होते, पण तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या दप्तरापर्यंत पोहोचण्याची वाट त्याने मोकळी झाली नाही. अर्ज कोणाकडे करायचा, किती दिवसांत उत्तर मिळायचे आणि न मिळाल्यास दाद कुठे मागायची, हे ठरवणारा कायदाच नव्हता.

राजस्थानात दुष्काळी कामे वर्षानुवर्षे चालत आणि त्यांवर किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याचा प्रघात पडला होता. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करून घेणे ही अनुच्छेद २३ने निषिद्ध ठरवलेली वेठबिगारी आहे आणि दुष्काळी कामे त्याला अपवाद नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८३मध्ये राजस्थानच्याच एका प्रकरणात दिला होता. तरीही प्रत्यक्षात मजुराच्या हातावर पूर्ण पैसे पडत नसत. विचारल्यावर कामाचे माप कमी भरले असे सांगितले जाई, आणि माप पाहण्यासाठी हजेरीपट मागितला तर तो सरकारी कागद असल्याने दाखवता येणार नाही, असे उत्तर मिळे. प्रशासकीय सेवा सोडून आलेल्या अरुणा रॉय, तसेच शंकर सिंग आणि निखिल डे यांनी १९८७पासून राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या गावी मुक्काम ठोकून काम सुरू केले आणि १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. आधी उपोषणे झाली, धरणी झाली. पण मजुरीचा प्रत्येक वाद शेवटी त्याच कागदापाशी येऊन अडतो, हे जसे लक्षात येत गेले तसा मागणीचा रोख मजुरीकडून नोंदींकडे वळला.

डिसेंबर १९९४मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी झाली. पद्धत अगदी साधी होती. मिळवलेल्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचायच्या आणि ज्याचे नाव येईल त्याने उभे राहून सांगायचे, की मी या कामावर होतो किंवा नव्हतो, मला इतके पैसे मिळाले किंवा मिळाले नाहीत. अशा वाचनांतून कधीच कामावर न गेलेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची, इतकेच नव्हे तर मृतांचीही नावे हजेरीपटावर निघाली. कागदावर पुरी झालेली बांधकामे जागेवर अर्धवट दिसली. लिहितावाचता न येणाऱ्या माणसांनी केलेले हे लेखापरीक्षण होते आणि ते अचूक ठरण्याचे कारण उघड आहे: शेजारी त्या दिवशी कामावर होता की नाही, हे गावाइतके कोणत्याच लेखापरीक्षकाला ठाऊक नसते. ग्रामसेवकांच्या संघटनांनी नोंदी देण्यास विरोध केला, यातही नवल नाही.

एप्रिल १९९५मध्ये मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत विकासकामांच्या कागदपत्रांच्या प्रती लोकांना देण्याची घोषणा केली. वर्ष उलटले तरी आदेश निघाला नाही. म्हणून ६ एप्रिल १९९६पासून ब्यावर येथे ४० दिवसांचे धरणे झाले, त्यात ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा गाजली. १९९७मध्ये जयपूरला पुन्हा दीर्घ धरणे धरावे लागले, आणि त्याचा शेवट होताना सरकारने सांगितले की प्रती देण्याची अधिसूचना तर काही महिन्यांपूर्वीच काढण्यात आली आहे. पारदर्शकतेचा आदेशच गोपनीय राहिला होता. एखाद्या नाटककाराला सुचला असता तर अतिरंजित वाटला असता, असा हा प्रसंग.

याच सुमारास राष्ट्रीय पातळीवर मसुद्याचे काम सुरू झाले. १९९६मध्ये भारतीय प्रेस परिषदेने, न्या. पी. बी. सावंत अध्यक्ष असताना, कायद्याचा एक मसुदा तयार केला. त्याच वर्षी लोकांच्या माहितीच्या अधिकारासाठीची राष्ट्रीय मोहीमही उभी राहिली. तमिळनाडू आणि गोवा या राज्यांनी १९९७मध्ये आपापले कायदे केले. केंद्राने २००२मध्ये माहिती स्वातंत्र्याचा कायदा संमत केला, पण तो अंमलात येण्याची तारीख कधीच जाहीर झाली नाही.

महाराष्ट्राचा वाटा इथे स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे. रोजगार हमी योजनेमुळे हजेरीपट ही चीज या राज्याला राजस्थानइतकीच परिचित होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली ही योजना १९७२च्या दुष्काळात विस्तारली, १९७७मध्ये तिचा कायदा झाला आणि हजेरीपटावरच्या खोट्या नावांच्या तक्रारीही तिच्यासोबतच आल्या. तरीही माहितीच्या हक्काची मागणी इथे आकाराला आली ती प्रामुख्याने भ्रष्टाचारविरोधी चळवळीतून. २०००मध्ये राज्याने केलेला कायदा अपवादांनीच भरलेला असल्याने त्यावर सडकून टीका झाली. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या दबावाखाली सप्टेंबर २००२मध्ये नवा अध्यादेश निघाला, आणि त्याचे रूपांतर झालेल्या विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३मध्ये, हजारे आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले असताना. विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दंड करणारा हा कायदा त्या वेळच्या राज्य कायद्यांत सर्वांत सक्षम मानला गेला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि दप्तर दिरंगाईला प्रतिबंध करणारा कायदाही याच चळवळीच्या रेट्यातून पुढे आला. त्याचा उल्लेख आता फारसा होत नाही आणि बदल्यांचा बाजार तर चालूच आहे.

केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम संसदेने मे २००५मध्ये संमत केला आणि १२ ऑक्टोबर २००५पासून तो पूर्णपणे अंमलात आला. पहिला अर्ज पुण्यातील एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, हे पुणेकर अजूनही अभिमानाने सांगतात. दहा रुपयांचे शुल्क, ३० दिवसांची मुदत, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असल्यास ४८ तास, माहिती का हवी याचे कारण विचारण्यास मनाई आणि कसूर करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड, अशी त्याची घडण आहे. कलम २२नुसार १९२३च्या गुपिते अधिनियमापेक्षा हा कायदा वरचढ ठरतो. माझ्या मते यातील सर्वांत दुर्लक्षित कलम ४ आहे. प्रत्येक कार्यालयाने आपली कार्यपद्धती, निर्णय, अंदाजपत्रक आणि लाभार्थ्यांचे तपशील कोणी मागण्याआधी स्वतःहून जाहीर करावेत, असे ते सांगते. ते नीट पाळले गेले असते तर निम्म्या अर्जांची गरजच पडली नसती.

हा अधिकार मिळाल्यानंतर वर्षभरातच त्याची धार कमी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. फाइलवरील टिपणे वगळण्याची दुरुस्ती २००६मध्ये घाटत होती. त्याविरुद्ध हजारे आळंदीला उपोषणाला बसले आणि सरकारला ती बाजूला ठेवावी लागली. महाराष्ट्राने २०१२मध्ये नियम बदलून अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असे बंधन घातले. मुंबईतील आदर्श सोसायटीच्या प्रकरणात याच कायद्याखाली मिळालेल्या कागदपत्रांचा मोठा वाटा होता आणि २०१०मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. पण त्याच वर्षी १३ जानेवारीला, जमीन व्यवहारांची माहिती बाहेर काढणारे सतीश शेट्टी यांची तळेगाव दाभाडे येथे हत्या झाली होती. गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी २०१४मध्ये केलेला कायदा अंमलात आणण्यात आलेला नाही.

२०१९च्या दुरुस्तीने माहिती आयुक्तांचा निश्चित कार्यकाळ आणि वेतनश्रेणी कायद्यातून काढून केंद्र सरकारच्या हाती दिली, आणि पाठोपाठ आलेल्या नियमांनी पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आणली. ज्याच्या कारभाराची माहिती द्यायला लावायची त्यानेच आपला कार्यकाळ ठरवायचा, अशा स्थितीत आयुक्त किती कठोर राहील, हा प्रश्न व्यक्तीचा नसून रचनेचा आहे. अपिले वर्षानुवर्षे पडून राहणे आणि ‘सदर अभिलेख आढळून येत नाही’ हे एका ओळीचे उत्तर, या दोन गोष्टी तर कायदा न बदलताही साधता येतात. अभिलेख जपण्याची जबाबदारी ठरवणारा महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५चाच आहे. फाइल हरवल्याबद्दल त्याखाली कारवाई झाल्याचे मात्र क्वचितच कानावर येते.

या सगळ्यांत दूरगामी बदल मला २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातला वाटतो. मूळ कलम ८(१)(ञ)नुसार वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा ती उघड केल्याने खासगीपणावर अकारण अतिक्रमण होते, हे दाखवावे लागे. न्यायालयांनी आधीच या कलमाचा अर्थ आकुंचित करत आणला होता. २०१२च्या एका निकालात कर्मचाऱ्याचे सेवाविषयक तपशील ही प्रामुख्याने त्याची खासगी बाब ठरली. नव्या अधिनियमाने त्या कसोट्याच काढून टाकल्या आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित असलेली माहिती’ एवढाच मजकूर ठेवला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, याविषयी २०१७च्या निकालानंतर वाद उरलेला नाही. परंतु हजेरीपट म्हणजे नावांचीच यादी असते. रेशन दुकानाची नोंदवही, घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादी, ठेकेदाराला दिलेल्या देयकांची नोंद, या सर्वांतून नावे गाळली तर मागे फक्त बेरजा राहतात आणि बेरजा नेहमी जुळवलेल्याच असतात. कोट किरानात ज्या वाचनाने खोट उघडी पडली ते वाचन नावांचे होते. सार्वजनिक हित अधिक असल्यास माहिती देण्याची मुभा देणारे कलम ८(२) कायम आहे हे खरे, पण त्याचा आधार घ्यायचा झाला तर आपल्या मागणीत सार्वजनिक हित कसे आहे, हे आता आधी अर्जदारालाच पटवून द्यावे लागेल. आणि कारण विचारता येणार नाही असे तर कलम ६ अजूनही सांगते.