छोट्या एफपीजीए बोर्डावर बिटकॉइनचा हॅश

बिटकॉइनचं मायनिंग (ब्लॉक, म्हणजे व्यवहारांचा गठ्ठा, शोधून नवी नाणी मिळवणं) करून कमाई व्हावी म्हणून एफपीजीए बोर्ड (ज्याच्या चिपमधलं सर्किट आपण हवं तसं मांडू शकतो) घेत असाल, तर घेऊ नका. २०११ मध्ये टेरासिकचा डीई२-११५ हा शिकाऊ बोर्ड सेकंदाला ८ कोटी हॅश (माहितीतून गणिताने काढलेले ठरावीक लांबीचे आकडे) काढायचा आणि तेव्हा त्याला अर्थ होता. आज डिफिकल्टी (ब्लॉक शोधणं किती अवघड आहे त्याचं माप) १०० लाख कोटी धरली, तर त्याच बोर्डाला एक ब्लॉक सापडायला सरासरी १७ कोटी वर्षं लागतील. पण एसएचए-२५६ (बिटकॉइनमध्ये हॅश काढायची पद्धत) सिलिकॉनमध्ये कसा उतरतो, हे समजून घ्यायचं असेल तर हा प्रयोग जरूर करा.

ब्लॉकचं हेडर (ज्याचा हॅश काढायचा तो सुरुवातीचा भाग) ८० बाइटचं. एसएचए-२५६ एका घासाला ६४ बाइट घेतो. नॉन्स (हॅश पुरेशा शून्यांनी सुरू व्हावा म्हणून बदलत राहायचा आकडा) शेवटच्या ४ बाइटमध्ये असल्यामुळे पहिला घास बदलतच नाही. तो संगणकावर एकदाच काढून बोर्डाला द्यायचा. उरतात १६ बाइट, आणि मग हॅशचा पुन्हा हॅश: ६४ अधिक ६४, म्हणजे १२८ फेऱ्या. मोठ्या चिपवर या फेऱ्यांची १२८ सर्किटं ओळीने मांडता येतात. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एक नॉन्स आत जातो, एक हॅश बाहेर पडतो.

डीई०-नॅनो या छोट्या बोर्डावर डीई२-११५ च्या १,१४,४८० ऐवजी २२,३२० लॉजिक एलिमेंट (सर्किट बांधायचे छोटे घटक) आहेत. तिथे १६ सर्किटं ठेवून प्रत्येक ८ वेळा वापरा. ५० मेगाहर्ट्झवर सेकंदाला ६२.५ लाख हॅश मिळतात. ३२ बिटांचे सगळे नॉन्स तपासायला साडेअकरा मिनिटं. क्वार्टस (चिपचं डिझाइन तयार करायचं सॉफ्टवेअर) च्या टायमिंग रिपोर्टमध्ये स्लॅक (ठोक्याआधी उरलेला वेळ) उणे दिसला तर क्लॉक उतरवा, नाहीतर हॅश चुकीचे येतील आणि कळणारही नाही.

चाचणीला ३ जानेवारी २००९ चा पहिला ब्लॉक घ्या. त्याचा नॉन्स २०८३२३६८९३. मोजणी हजारभर आधीपासून सुरू करा. काहीच सापडलं नाही, तर बहुतेक वेळा बाइटांचा क्रम उलटा असतो. हॅशमध्ये आपण सुरुवातीला वाचतो ती शून्यं चिपमध्ये शेवटच्या ३२ बिटांत येतात. तपासणी तिथेच लावा. सापडलेला नॉन्स १६-१७ ने जास्त आला, तर गणित बरोबरच आहे: हॅश बाहेर पडेपर्यंत नॉन्सची मोजणी तेवढी पुढे गेलेली असते. तेवढा आकडा वजा करा.

बोर्ड मध्येच गप्प झाला तर आधी वीज बघा. इथे बहुतेक फ्लिप-फ्लॉप (एक-एक बिट साठवणारे घटक) सतत हलत असतात, करंट भरपूर लागतो आणि यूएसबी पोर्ट कमी पडू शकतो. व्होल्टेज खाली गेलं की चिपमधलं डिझाइनच पुसलं जातं. नॅनोवर बाहेरून वीज द्यायला २ पिना आहेत. तिथे ५ व्होल्ट जोडा आणि डिझाइन पुन्हा भरा.